माळ्यावर जुनी काडतुसं सापडली? या चुका टाळा

साताऱ्यात एखादा वाडा पाडायला काढला की माझा फोन वाजतो. सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून नोकरी केल्याचा हा उपद्रव. "काका, आजोबांची ट्रंक सापडलीय. आत काडतुसं हायत, टोप्यांच्या डब्या हायत, एक डबा बंदुकीची दारू बी हाय. चालतील का ओ अजून?" टोप्या म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारे, ठोक्यानं ठिणगी पाडणारे इवलेसे भाग. प्रश्न दरवेळी हाच. मी उलट विचारतो, ट्रंक होती कुठं?

कारण सालावरून काही कळत नाही. गेल्या वर्षी दोन ट्रंका पाहिल्या, एक दहिवडीकडची, दुसरी पाटण खोऱ्यातली. दोन्हींत खडकीच्या कारखान्याची बारा बोअरची कागदी काडतुसं, बुडावर केएफची अक्षरं, दोन्ही शेतीसंरक्षण परवान्यावर घेतलेली. दहिवडी माण तालुक्यातली, तिथं वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. तिथली काडतुसं काल दुकानातून आणल्यासारखी. पाटणच्या ओलीत राहिलेली मात्र फुगून एकेक इतकी जाड झालेली की नळीत शिरायचीच नाहीत. पितळी बूड हिरवं, तोंडाची डाट निघालेली, छर्रे ट्रंकेच्या तळाशी सांडलेले आणि त्यांच्यावर पांढरी भुकटी. घरातली दोन पोरं त्याच छर्‍यांनी खेळत होती. ती भुकटी शिशाची, पोटात गेली तर विषच. आधी पोरांचे हात साबणानं धुवायला लावले, मग पुढचं बोललो.

गोठ्यात ठेवणं

ही चूक आपल्याकडं सर्रास. घरात पोरंबाळं आहेत म्हणून काडतुसांचा डबा गोठ्यातल्या कोनाड्यात किंवा खताच्या खोलीत. हेतू चांगला, जागा सगळ्यात वाईट. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेनं पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली आणि पितळी पुंगळ्यांना आपोआप तडे जायला लागले. कारण नीट उलगडलं ते १९२१ मध्ये. जनावरांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो, आणि कारखान्यात दाबून घडवताना पितळेत जो ताण राहिलेला असतो त्या जागी ते फाटतं. त्यावर उपाय म्हणून पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, तापवून तो ताण घालवतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तांबूस पट्टा दिसतो तो त्याचाच. पुष्कळजण त्याला डाग समजून ब्रासोनं घासत बसतात!

ओल धरलेलं युरियाचं पोतंही तोच अमोनिया सोडतं. तडा केसाएवढा असतो, मानेशी उभा, आणि नखाला लागतो तेव्हा लागतो. अशी पुंगळी पुन्हा भरली की वायू कुठून बाहेर येईल सांगता येत नाही, आणि बंदुकीमागं तोंड आपलं असतं.

सगळी दारू एकच समजणं

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. साधारण पंच्याहत्तर, दहा, पंधरा असं प्रमाण. हिला वय नाही. कोरडी राहिली तर पणजोबांनी ठेवलेलीसुद्धा ठिणगीला तशीच पेटते. ओल धरली की ढेकळं होतात, पण वाळली की पुन्हा पेटते, फक्त कशी पेटेल याचा भरवसा राहत नाही.

बिनधुराची दारू वेगळ्या जातीची. ती नायट्रोसेल्युलोजची, १८८४ पासूनची, आणि ती बसल्या जागी हळूहळू विघटत असते. त्यातून निघणारं आम्ल शोषायला कारखान्यात डायफेनिलअमाईनसारखं द्रव्य मिसळतात. थंड, कोरड्या जागी ते द्रव्य कित्येक दशकं पुरतं. पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेच्या कोरेगावच्या उन्हात, फार लवकर संपतं. ते संपलं की आम्ल आम्लालाच वाढवत जातं, आणि साठा मोठा असेल तर तो स्वतःच्या उष्णतेनं पेटूसुद्धा शकतो.

ओळख सोपी आहे. चांगल्या दारूला स्पिरिटसारखा मंद वास येतो. बिघडलेलीचा वास नाकात झोंबतो, झाकणाला आतून गंज चढलेला असतो, वर तांबूस भुकटी दिसते, कधी तांबडट वाफ. यादोगोपाळ पेठेत एका डब्याचं झाकण घरमालकानं माझ्यादेखत उघडलं, वाकून आत नाक घातलं आणि ठसकतच मागं आला. मुद्दाम हुंगायला जाऊच नका. डबा सापडला की उघडायचा नाही, एवढंच. काडतुसाच्या आत हेच घडतं तेव्हा पितळ आतून हिरवं पडतं आणि बाहेर काही दिसत नाही.

थ्री-नॉट-थ्रीच्या जुन्या गोळीत शेवयांसारख्या काड्या निघतात, ते कॉर्डाईट. त्यात नायट्रोग्लिसरीन असतं. हाताळलं तर कातडीतून शिरतं आणि डोकं असं ठणकतं की रात्र जाते.

आणि ओळख पटली नाही तर अंदाजानं वापरायचं नाही. ठासणीच्या बंदुकीत बिनधुराची दारू भरली तर नळी फुटते. काळ्या दारूसाठी घडवलेलं लोखंड तो दाब सोसत नाही. लेबल गेलेला डबा म्हणजे अनोळखी डबा, मग आजोबांनी "काळी" म्हणून सांगितलेलं आठवत असलं तरी.

टोप्या डब्यात ओतणं

टोप्या, म्हणजे प्रायमर, सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात खुनशी. त्यांच्या मूळ डबीत प्रत्येक टोपीला वेगळा खण असतो. उगीच नाही. एक उडाली तर शेजारची उडू नये म्हणून. लोक त्या बिस्किटाच्या डब्यात ओततात आणि खुळखुळा वाजवून किती उरल्या ते बघतात. अशा डब्यातली एक उडाली तर सगळ्या एकदम उडतात.

फार जुन्या टोप्यांत पाऱ्याचं संयुग असे. बार उडाला की तो पारा पितळेत मुरतो आणि पुंगळी ठिसूळ होते. बिनपाऱ्याच्या, क्लोरेट नावाच्या क्षाराच्या टोप्यांनी पुंगळी वाचते, पण नळीत क्षार उरतो आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. हा क्षार तेलानं जात नाही, गरम पाण्यानंच जातो. आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट.

मारून टाकल्याच्या भ्रमात राहणं

"बादलीत भिजवून ठेवलीत काका, आता मेली." नाही मेली. लष्करी काडतुसाची टोपी आणि गोळीचा सांधा वॉर्निशनं बंद केलेला असतो, पाणी आत जातच नाही. बिनधुराची दारू पाण्यात विरघळत नाही, वाळली की पुन्हा तयार. तेल सोडण्याचंही तसंच. काही टोप्या मरतात, काही अर्धमेल्या होतात, आणि कुठल्या त्या कळत नाही. अर्धमेली टोपी जास्त वाईट. चाप ओढला, नुसती टिक झाली, माणसानं बंदूक उघडली आणि बार तेव्हा उडाला. किंवा बार इतका मंद की गोळी नळीतच अडकली आणि वर दुसरी झाडली. चुलीत टाकणं, विहिरीत टाकणं, भंगारवाल्याला पितळ म्हणून विकणं, हे करणारेही भेटलेत.

ट्रंकेसोबत भिंतीवरची ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेलीच आहे असं धरा. रानडुकरासाठी ठासलेला बार तसाच राहून गेल्याचं मी स्वतः पाहिलंय. गज आतून बुडाला टेकतो का, की चार बोटं आधीच अडतो, हे तपासायचं काम पोलिसांच्या माणसाचं. तुम्ही बंदुकीला हात लावू नका आणि तिच्या तोंडासमोर कुणाला उभं राहू देऊ नका.

परवाना आजोबांसोबत गेला हे विसरणं

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये काडतुसाचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोजतात, आणि विनापरवाना काडतुसं भरणं म्हणजे विनापरवाना उत्पादन. त्यामुळं "नुसत्या टोप्याच आहेत की" हे पोलीस ठाण्यात चालत नाही. परवानाधारक वारला की वारसानं शस्त्र आणि दारूगोळा ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचा असतो, कलम २१ खाली. परवान्याचं जुनं पुस्तक सापडलं तर सांभाळा, काम सोपं होतं.

आणि ट्रंक मोटरसायकलला बांधून ठाण्यात नेऊ नका. एकानं ती एसटीच्या टपावर टाकून आणली होती, वडूजहून, मे महिन्यात. आधी फोन करा, काय दिसतंय ते सांगा, लागलं तर ते बॉम्बशोधक पथक बोलावतील. ते येईपर्यंत खोलीला कडी, विडी-सिगारेट बंद, आणि पोरांना शेजारच्या काकूंकडं पाठवा.