बोकडाचं वय अंगावरून धरू नका

रानातला कळवीट लांबूनही ओळखू येतो. नर वयात आला की पाठ काळी पडत जाते. आपला उस्मानाबादी बोकड मात्र बहुतेक करून जन्मताच काळा, रंगावरून काय डोंबल कळणार? तरी लोक बाजारात दहा हात लांबून बघतात, 'दीड वर्षाचा असंल' म्हणतात आणि इसार देऊन मोकळे होतात.

ही चूक मीही केलीय. पाऊस होऊन चारा आला होता, शेरडं माजावर यायला लागलेली, आणि घरचा बोकड मेलेला. बाजारात एक दिसला: छाती रुंद, मान जाड, शिंगं मागं वळलेली. व्यापारी म्हणाला, "दोन दाती हाय मामा, दात काय बघता, अंग बघा." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी अंगच बघितलं. घरी 22 शेरडं होती, त्यांच्यात सोडला. गडी चढायला तयार, दिवसभर उसंत नाही. तीन आठवड्यांनी एकेक उलटायला, म्हणजे गाभण न राहता परत माजावर यायला लागली. शेवटी 14 उलटली. शेजारच्या तात्यांनी बोकडाचा ओठ खाली ओढला आणि म्हणाले, "आरं, हे लेकरू हाय." आठही दात दुधाचे. मका चारून फुगवलेलं आठ-नऊ महिन्यांचं करडू होतं ते. शेळी पाच महिने गाभण राहते, म्हणजे माझी करडं पुढं कुठल्या कुठं गेली, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

तेव्हापासून भाव विचारायच्या आधी मी दात बघतो. तोंड उघडायचं नाही. जबडा मिटलेलाच ठेवून, उजेडाकडं तोंड करून, अंगठ्यानं खालचा ओठ खाली करायचा. पुढचे आठ दात दिसतात. मधली जोडी पडून रुंद दात आले की साधारण सव्वा वर्षाचा, दोन दाती. चार दाती दोन वर्षांच्या आतबाहेर, सहा दाती अडीचच्या आसपास, आणि तीन-साडेतीनला जुळतो, म्हणजे आठही दात पक्के येतात. चाऱ्यावर आणि जातीवर दोन-चार महिने इकडं तिकडं होतात. पैदाशीला मी दोन दातीच्या खाली घेत नाही आणि एका बोकडामागं 25 च्या वर शेरडं ठेवत नाही.

वरच्या जबड्यात पुढचे दात शोधू नका. तिथं नुसती कडक हिरडीच असते. यावरून बोकड म्हातारा ठरवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

झिजलेले दात आणि दुधाचे दात यांत घोळ घालू नका. दुधाचे पांढरे, बारीक, एकमेकांना चिकटून. म्हाताऱ्याचे आखूड, पिवळट, मधे फटी पडलेले.

दाढी आणि वास यांवर जाऊ नका. चार-पाच महिन्यांचं नर करडूही माद्यांच्या मागं लागतं, म्हणून तर त्याआधीच वेगळं बांधायचं असतं.

अंडाच्या गोळ्या दोन्ही हाताला लागल्या पाहिजेत, सारख्या आणि घट्ट. खच्ची केलेला गडीही अंगानं झकास दिसतो.

आणि व्यापारी स्वतः जबडा धरून दात दाखवत असेल, तर त्याच्या अंगठ्याखाली काय झाकलंय ते आधी बघा.

ते लेकरू मी विकलं नाही. चार दाती झाल्यावर चांगलं चाललं.