‘एका कोळियाने’ वाचताना चिकाटीसोबत नम्रता कशी शोधायची

हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ कॉलेजात असताना वाचलेली असते, नाहीतर पुलंचा अनुवाद ‘एका कोळियाने’ घरच्या कपाटात असतो, आणि काय आहे त्यात असं विचारलं की उत्तर ठरलेलं, म्हातारा शेवटपर्यंत हार मानत नाही. बरोबर आहे, पण माझ्या मते हे अर्धंच पुस्तक झालं. उरलेलं अर्धं नम्रतेचं आहे आणि ते घाईत वाचलं तर निसटतं. मी ही कादंबरी आत्तापर्यंत चार-पाच वेळा तरी वाचलीय, त्यातून जे जमलं ते सांगते.

आधी एक रविवार मोकळा ठेवा. कादंबरी छोटी आहे, १९५२ साली ‘लाइफ’ मासिकाने एकाच अंकात पूर्ण छापली होती, आणि तिला प्रकरणंच नाहीत, त्यामुळे रोज चार पानं असं वाचलं की गोष्टीचा ताण सुटतो. फार तर दोन बैठका. हातात पेन्सिल घ्या. म्हातारा जिथे नेट लावतो तिथे एक रेघ, आणि जिथे तो वाकतो, मागून घेतो, आभार मानतो, चूक कबूल करतो तिथे एक गोल. बस, एवढंच करायचंय.

पहिली काही पानं मुद्दाम सावकाश वाचा, मोठा मासा लवकर यावा म्हणून पळू नका. क्यूबात हवानाजवळचं कोळ्यांचं गाव, सांतियागो ह्या म्हाताऱ्या कोळ्याला ८४ दिवस एकही मासा लागलेला नाही, पहिले ४० दिवस मानोलिन नावाचा पोरगा सोबत होता पण आईबापाने त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं कारण म्हातारा पार कमनशिबी ठरलाय. शिडाला पिठाच्या पोत्यांची ठिगळं. संध्याकाळी पोरगा विचारतो जेवायला काय आहे, म्हातारा म्हणतो मासा घालून पिवळा भात आहे, पोरगा विचारतो जाळं नेऊ का, हो ने ना. भात नाहीये, जाळं कधीच विकून झालंय, आणि दोघांनाही ते माहितीये, तरी रोज हेच बोलणं होतं. मग पोरगा हॉटेलातून डब्यात जेवण आणतो आणि म्हातारा ते खातो. नाही-नको करत बसत नाही, उलट विचारतो कोणी दिलं, आणि हॉटेलवाल्याला मोठ्या माशाचं पोटाकडचं मांस द्यायला हवं, नव्हे त्याहून जास्त काहीतरी द्यायला हवं असं म्हणतो. इथे मोठा गोल करा. ह्याच भागात लेखक सरळ सांगून टाकतो की म्हाताऱ्याच्या अंगी नम्रता आली होती, ती कधी आली ह्याचा विचार करण्याइतका तो गुंतागुंतीचा माणूस नव्हता, पण त्यात कमीपणा नाही आणि खरा अभिमानही त्याने कमी होत नाही हे त्याला कळत होतं. मला विचाराल तर पुस्तकाची किल्ली ही आहे. पुढे जे माणूस नष्ट होईल पण हरणार नाही वालं वाक्य सगळे स्टेटसला टाकतात ते आवडत असेल तर खुशाल आवडू द्या, पण ते ह्या किल्लीशिवाय वाचलं की नुसती घोषणा होते.

आता समुद्र. ८५व्या दिवशी तो लांब जातो, दुपारी शंभर वाव, म्हणजे सुमारे सहाशे फूट, खोल सोडलेल्या गळाला मासा लागतो आणि होडीलाच ओढत नेतो. हा भाग मोठा आहे आणि इथेच बरेच जण कंटाळतात, म्हणून एक युक्ती, फक्त त्याच्या हातांवर लक्ष ठेवा. डाव्या हाताला वांब येतो, गरुडाच्या नखांसारखी मूठ आवळते. तरुणपणी ह्याच माणसाने सिएनफ्वेगोसच्या एका दांडग्या गड्याशी पंजा लढवला होता, रविवारी सकाळी सुरू झालेला तो पंजा सोमवारी सकाळी संपला, नखांतून रक्त आलं होतं आणि लोक ह्याला चॅम्पियन म्हणायचे. तोच माणूस आता काय करतो? मूठ जबरदस्तीने उघडत नाही. म्हणतो आपणहून उघडू दे. मग कच्चा ट्यूना कापून, मीठ नाही लिंबू नाही, एकेक पट्टी नीट चावून खातो आणि हाताला विचारतो आता कसं वाटतंय. ह्या पानावर रेघ मारायची की गोल? मी दोन्ही केलेत. शरीर म्हातारं झालंय हे त्याने मान्य केलंय, म्हणूनच तो पुढचे दोन दिवस टिकतो, जोर दाखवायला गेला असता तर तो हात कायमचा गेला असता असं मला वाटतं.

असंच अजून सापडेल. स्वतःला धार्मिक म्हणत नाही तरी नवस बोलतो. मासा उसळी मारून वर येतो तेव्हा कळतं की तो होडीपेक्षा दोन फूट लांब आहे, तरी म्हातारा त्याला शत्रू मानत नाही, भाऊ म्हणतो.

शेवटी तो मासा मारून होडीला बांधतो, आणि परतीच्या वाटेवर मुशी, म्हणजे शार्क, तो खायला येतात. हा मुशींचा भाग मात्र एका दमात वाचा, थांबू नका. भाला जातो, वल्ह्याला बांधलेली सुरी मोडते, मग सोटा, शेवटी सुकाणूचा दांडा. ह्यात एक जागा शोधून ठेवा, सुरीला धार लावायला दगड आणायला हवा होता असं त्याच्या मनात येतं, आणि तो स्वतःलाच सांगतो की नाहीये त्याचा विचार नको, आहे त्यात काय करता येईल ते बघ. आणि दुसरी जागा, तो अर्ध्या खाल्लेल्या माशाची माफी मागतो, मी इतक्या लांब यायला नको होतं म्हणून. सगळा दोष मुशींवर टाकता आला असता, तो स्वतःकडे घेतो. पहिल्यांदा वाचताना मी हे वाक्य चक्क ओलांडून गेले होते.

किनाऱ्यावर नुसता सांगाडा येतो, अठरा फूट. सकाळी मानोलिन झोपडीत येतो, म्हाताऱ्याचे हात बघून रडतो आणि कॉफी आणायला धावतो. म्हातारा उठल्यावर सरळ म्हणतो, त्यांनी मला हरवलं रे. पोरगा म्हणतो माशाने नाही हरवलं, म्हातारा म्हणतो खरंय, ते नंतर झालं. इथे पुस्तक मिटू नका, त्याच्या लगेच पुढच्या ओळी बघा. पोरगा म्हणतो आता आपण परत बरोबर जायचं, मला अजून खूप शिकायचंय, आणि म्हातारा लगेच कामाचं बोलायला लागतो, एक चांगला भाला हवा, जुन्या फोर्ड गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं पातं करता येईल, ग्वानाबाकोआला नेऊन धार लावू, माझी सुरी मोडली. पेन्सिल इथे ठेवा आणि मागे जाऊन तो धारेच्या दगडाचा उल्लेख परत काढून शेजारी शेजारी वाचा.