अमेरिकेत नवीन आहात? घरच्या इंटरनेटवरची सूट अशी मिळवा

इथे पोचल्या पोचल्या कुणीतरी हमखास सांगतं, "इंटरनेटसाठी सरकार महिन्याला 30 डॉलर देतं." ती योजना म्हणजे अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम, लोकांच्या तोंडी एसीपी. निधी संपला आणि 1 जून 2024 ला ती बंद झाली. सुमारे 2 कोटी 30 लाख घरांचा आधार एका झटक्यात गेला. आजही तिच्या नावाने कुणी अर्ज भरून घेत असेल तर त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) अजिबात देऊ नका.

चालू आहे ती जुनी लाइफलाइन. 1985 मध्ये टेलिफोनसाठी सुरू झालेली ही सवलत 2016 पासून इंटरनेटलाही मिळते. सूट बहुतेकांना महिन्याला जास्तीत जास्त 9.25 डॉलर. पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कंपनी बिलातून वजा करते. घरात कुणाला स्नॅप (अन्नधान्यासाठीची सरकारी मदत) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) मिळत असेल तर तुम्ही पात्र. नव्याने आलेल्यांकडे बहुधा यातलं काहीच नसतं, त्यामुळे उत्पन्नाचा मार्ग उरतो: केंद्रीय दारिद्र्यमर्यादेच्या 135 टक्क्यांपर्यंत. 2025 च्या आकड्यांनुसार एकट्याला वर्षाला साधारण 21,100 डॉलर, चौघांच्या कुटुंबाला 43,400. पुरावा म्हणून मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न किंवा सलग तीन महिन्यांच्या पे-स्लिपा जोडा. एकच पे-स्लिप जोडली की अर्ज अडकतो.

अर्ज नॅशनल व्हेरिफायरच्या, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या, साइटवर भरायचा. काही राज्यांची पद्धत वेगळी असते. आपल्या लोकांचे अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते नावापाशी. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते पहिल्या नावाला चिकटलेलं असतं, आणि अर्जात आपण ते गाळतो. कार्डावर जसं छापलंय तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. जन्मतारखेत आधी महिना, मग दिवस. पत्त्यात अपार्टमेंट नंबर विसरू नका.

नियम एका घराला एकच सवलत असा आहे, आणि इथे 'घर' म्हणजे पत्ता नव्हे. उत्पन्न आणि खर्च एकत्र असलेली माणसं म्हणजे एक घर. एका अपार्टमेंटमध्ये चार रूममेट राहतात, भाडं वाटून घेतात पण प्रत्येकाचे पैसे वेगळे, तर ती चार घरं. त्या पत्त्यावर आधीच कुणी सवलत घेत असेल तर सिस्टिम अर्ज थांबवते. तेव्हा हाउसहोल्ड वर्कशीट (आपलं घर वेगळं आहे हे सांगणारा फॉर्म) भरून द्या, म्हणजे मार्ग मोकळा होतो. नवरा-बायको मात्र एकच घर, दोघांचं उत्पन्न मिळून धरतात.

आणखी एक सापळा: दुकानाबाहेर टेबल मांडून "फुकट फोन" वाटणारे. तो फोन बहुतेकदा लाइफलाइनवरच असतो. तिथे सही केली की घरच्या वायफायसाठी सवलत उरत नाही. फोन हवा की वायफाय, हे आधी घरात ठरवा.

मंजुरी आली म्हणजे सूट सुरू झाली असं नाही. 90 दिवसांच्या आत लाइफलाइन देणाऱ्या कंपनीकडे स्वतः नोंदवावं लागतं, आणि प्रत्येक कंपनी ती देत नाही. पुढे दरवर्षी पात्रतेची फेरतपासणी होते. उत्तर मागणारं पत्र आलं तर जाहिरात समजून फेकू नका. 60 दिवसांत उत्तर गेलं नाही तर सवलत जाते. ग्रीन कार्डाची फाइल चालू असेल तर कुठलीही सरकारी सवलत घेण्याआधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला जरूर विचारा.

9.25 डॉलरने भागत नाही, हे खरंच. न्यूयॉर्क राज्यात जानेवारी 2025 पासून कायद्याने कंपन्यांना पात्र घरांसाठी 25 एमबीपीएस वेगाचं इंटरनेट महिन्याला 15 डॉलरला किंवा 200 एमबीपीएसचं 20 डॉलरला द्यावं लागतं. लहान कंपन्यांना या कायद्यातून वगळलं जाऊ शकतं. इतर राज्यांत मोठ्या कंपन्यांचे कमी उत्पन्नासाठीचे प्लॅन असतात, पण फोनवरचा माणूस ते आपणहून सांगत नाही. "लो-इन्कम प्लॅन" असे शब्द वापरूनच विचारा. मग प्लॅनचं ब्रॉडबँड लेबल, म्हणजे दर आणि वेग सांगणारा तक्ता, उघडा. 2024 पासून ते सक्तीचं आहे. त्यात सुरुवातीचा दर किती महिने टिकतो आणि नंतर किती होतो, ते पाहा. स्वतःचा राउटर वापरत असाल तर भाडं लावता येत नाही; तरी बिलात ती ओळ दिसली तर लगेच फोन करून काढायला लावा.