स्तोत्र ५१ समोर ठेवून पश्चात्ताप कसा करावा

पश्चात्तापाला बसले की बहुतेकांची सुरुवात स्वतःला बोल लावण्याने होते. बायबलमधले स्तोत्र ५१ तसे सुरू होत नाही. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा दया मागतो. कबुली तिसऱ्या वचनापासून येते. हा क्रम मोडू नका. दयेचा भरवसा नसेल तर माणूस कबुली देत नाही, सारवासारव करतो. म्हणून ही दोन वचने मोठ्याने, सावकाश वाचा आणि मगच पुढे जा.

वचने ३ ते ६ वाचताना कागद घ्या. ‘माझ्याकडून काही चुकले असेल तर’ ही कबुली नव्हे. काय केले आणि कोणाचे नुकसान झाले, हे एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्यातले ‘पण’ आणि ‘कारण’ खोडा. १ शमुवेल १५ मध्ये शौल राजाही ‘मी पाप केले’ म्हणतो, पण लगेच लोकांच्या भीतीचे कारण पुढे करतो, आणि शेवटी वडील जनांसमोर आपला मान राखावा अशी विनंती करतो. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला मारवले; नाथान संदेष्ट्याने हा दोष दाखवल्यावर तो एकच वाक्य बोलतो: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे (२ शमुवेल १२:१३).

चौथ्या वचनात एक खाच आहे. ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध’ हे शब्द धरून काही जण देवाशी हिशेब मिटवतात आणि ज्याला दुखावले त्याच्या दारी जातच नाहीत. त्याच स्तोत्राच्या १४व्या वचनात रक्तपाताचा दोष आहेच; उरीया मेलेला होता, त्याची भरपाई होणे शक्य नव्हते. तुमचा माणूस जिवंत असेल तर ही सबब चालणार नाही.

भरपाईचे माप लेवीय ६ मध्ये स्पष्ट आहे: घेतलेले सगळे परत, वर एक पंचमांश. म्हणजे पाच हिस्से लुबाडले असतील तर सहा द्यायचे, आणि दोषार्पण, म्हणजे दोषासाठी देवाला वाहायचे अर्पण, त्यानंतर. मत्तय ५:२३-२४ मध्येही भेट वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. ज्याचे देणे आहे तो हयात नसेल आणि वारसही नसेल, तर गणना ५:८ प्रमाणे ती रक्कम परमेश्वराची, याजकाकडे द्यायची. जकातदार जक्कय लुबाडलेल्याच्या चौपट द्यायला तयार झाला, पण येशू त्याच्या घरी उतरतो असे म्हणाला ते त्याआधी. भरपाईने दया विकत मिळत नाही. दया मिळालेला माणूस भरपाई करतो.

आता वचने १० ते १२: शुद्ध हृदय मागा आणि थांबा. तेच पाप पुन्हापुन्हा उगाळणे ही नम्रता नव्हे. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने कबुलीही दिली आणि चांदीची तीस नाणीही परत केली, पण तो येशूकडे परतला नाही. येशूला नाकारल्यावर पेत्र ढसाढसा रडला, आणि शिष्यांत राहिला. २ करिंथ ७:१० मधला दोन दुःखांतला, पश्चात्तापाकडे नेणाऱ्या आणि मरणाकडे नेणाऱ्या दुःखातला, फरक हाच.

कोणाची थकबाकी तुम्ही धरून बसला आहात का, तेही पाहा. मत्तय १८ मधल्या दृष्टांतातल्या चाकराला १०,००० तालांतांचे कर्ज माफ झाले. एक तालांत सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. त्याने सोबत्याचा गळा धरला तो १०० दिनारांसाठी, म्हणजे माफ झालेल्या कर्जाच्या सहा लाखाव्या हिश्शासाठी.

रोज ५१वेच म्हणण्याची गरज नाही. परंपरेने पश्चात्तापाची म्हणून सात स्तोत्रे मानली जातात: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. पाप दडवून जीव गुदमरत असेल तर ३२ घ्या. शब्दच फुटत नसतील तर १३०. आठच वचने आहेत.