मातीच्या भिंतीवर वारली काढायची तर आधी भिंत नीट करा

गावाकडं आता बरेच जण ओसरीत, शेतातल्या खोलीवर वारली काढायलेत, बघून लई बरं वाटतं, पण चित्राची घाई करतात आणि भिंतीकडं कुणी बघत नाही. आपल्या मराठवाड्यात काळी माती, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मी पहिल्यांदा रानातलीच माती आणून भिंत लिंपली आणि आठ दिवसांत नाचणाऱ्या बायांच्या मधूनच भेगा गेल्या, एवढं वाईट वाटलं की बास. म्हणून गावातली पांढरी माती घ्या, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून पायानं चांगली मळा, रात्रभर मुरू द्या आणि मगच लिंपा. धाब्याच्या घराला वळचण नसते, बाहेरच्या भिंतीवर पाऊस थेट येतो, त्यामुळं आतली नाहीतर ओसरीची भिंत धरा. काम पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सारवणाबरोबरच काढलेलं चांगलं.

लिंपण खडखडीत वाळलं की वरून शेणाचा पातळ हात, मग कावेचा, म्हणजे गेरूचा. बोट फिरवून बघा, लाल लागलं तर अजून थांबा.

पांढऱ्या रंगाला तांदूळ भिजवून पाट्यावर नाहीतर मिक्सरमधे अगदी गंधासारखा वाटायचा, थोडं डिंकाचं पाणी घालायचं. ताकापेक्षा घट्ट ठेवा, नाहीतर ओघळ येतात. ब्रश नको, बांबूची काडी घेऊन टोक चावून मऊ करा. ओली रेघ फिकी दिसते, वाळली की पांढरी उठते, म्हणून लगेच त्यावर परत गिरवू नका, रेघ जाड होते आणि सगळी मजा जाते.

माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वरचा उलटा, खालचा सुलटा, मधे टोकाला टोक. वर गोल डोकं, बाई असंल तर मागं अंबाड्याचा ठिपका. नाकडोळे काढायचे नाहीत, सगळा जीव कमरेच्या त्या टोकात आणि हातापायाच्या वाकण्यात असतो. तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं लांब वाद्य, त्याच्यावरचा तारपा नाच काढताना तारपावाला आधी मधे घ्या, मग त्याच्याभोवती हातात हात धरलेली माणसं गोल गोल बाहेर नेत जा.

एक मनापासून सांगते, लग्नचौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचा चौकोन, आणि त्यातली पालघाट ही लग्नाची देवी शोभेसाठी काढू नका. पालघर जिल्ह्यात डहाणू, जव्हारकडं वारली समाजाच्या सवाशिणी तो लग्नात काढतात, ते त्यांचं देवाचं काम आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी 1970 च्या दशकात ही कला लग्नाबाहेर आणली, रोजचं जगणं काढलं, 2011 मधे त्यांना पद्मश्री मिळाली. आपणपण आपलं जगणं काढावं की, कापूस वेचणाऱ्या बाया, हुरड्याची आगटी, पोळ्याचे बैल, वेशीवरचा मारुती!

वाटलेलं तांदळाचं पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं आणि वास मारतो, तेव्हा एका वेळी मूठभरच भिजवा.