गेमपॅड बिघडला असे ठरवण्यापूर्वी: रेट्रोपाय आणि कोडी वापरताना या चुका टाळा

टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवायचा, त्यावर जुने गेम चालवणारे रेट्रोपाय आणि चित्रपट दाखवणारे कोडी ही सॉफ्टवेअर टाकायची आणि जुने गेम व साठवलेले चित्रपट एकाच गेमपॅडने चालवायचे, ही कल्पना फार सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र आठवड्याभरातच अनेकांना कपाटात ठेवलेला कीबोर्ड पुन्हा बाहेर काढावा लागतो. दोष बहुधा गेमपॅडला दिला जातो. खरे कारण असे की, लिनक्स या कार्यप्रणालीच्या ड्रायव्हरने (उपकरण ओळखणाऱ्या प्रोग्रामने) ओळखलेली बटणे पुढे इम्युलेशनस्टेशन हा मेनू, प्रत्यक्ष गेम चालवणारे रेट्रोआर्क आणि चित्रपटांसाठीचे कोडी हे तिघे आपापल्या नोंदींनुसार वाचतात. त्यामुळे काहीही बदलण्यापूर्वी अडचण नेमकी कोणत्या पायरीवर आहे ते पाहावे. लिनक्समधील जेएसटेस्ट या छोट्या साधनात बटण दाबल्यावर आकडा बदलत असेल, तर पॅड आणि ड्रायव्हर ठीक आहेत आणि शोध पुढच्या पायरीवर घ्यावा.

सर्वाधिक होणारी चूक ए आणि बी बटणांची आहे. ज्यांनी लहानपणी कॅसेटचा व्हिडिओ गेम खेळला आहे, त्यांच्या अंगठ्याला बी डावीकडे आणि ए उजवीकडे असल्याची सवय आहे. निन्टेंडोने १९८३ च्या फॅमिकॉमपासून ही मांडणी ठेवली आणि आपल्याकडे आलेल्या नकलांनीही ती उचलली. एक्सबॉक्सच्या पॅडवर मात्र ए खाली आणि बी उजवीकडे असते. रेट्रोआर्क सुपर निन्टेंडोची मांडणी गृहीत धरते, म्हणून इम्युलेशनस्टेशनने ए विचारल्यावर छापलेले अक्षर न पाहता उजवीकडचे बटण दाबावे, आणि बी विचारल्यावर खालचे. तसे केल्याने मेनूमध्ये ‘निवडा’ आणि ‘मागे’ ही कामे उलटी वाटत असतील, तर रेट्रोपायच्या सेटअपमध्ये केवळ मेनूपुरती ए आणि बी यांची अदलाबदल करण्याची सोय आहे. तिच्यासाठी गेममधील मांडणी मोडण्याची गरज नाही.

दुसरी चूक हॉटकीची. हे बटण दाबून धरल्यावर इतर बटणांना वेगळी कामे मिळतात: स्टार्टने गेम बंद होतो, पॅडच्या वरच्या कडेवरील उजव्या (खांद्याच्या) बटणाने खेळाची त्या क्षणाची स्थिती साठवली जाते, डाव्याने जुनी स्थिती परत येते, एक्सने रेट्रोआर्कचा मेनू उघडतो. हॉटकी म्हणून खेळात सतत लागणारे बटण निवडले, तर ऐन लढाईत स्टार्टला बोट लागले की गेम बंद झालाच म्हणून समजा. सिलेक्ट हेच बटण त्यासाठी योग्य, कारण ते खेळात क्वचितच लागते. घाईत उजव्याऐवजी डावे बटण दाबल्याने ताजी प्रगती गेल्यासारखी वाटली, तरी घाबरून आणखी बटणे दाबू नयेत. जुनी स्थिती परत आणण्याची ती कृती रद्द करण्याचा पर्याय रेट्रोआर्कच्या मेनूमध्ये असतो.

एखादे बटण चुकले म्हणून थेट रेट्रोआर्कच्या मेनूमध्ये जाऊन ते बदलणे आणि मुख्य कॉन्फिग फाइल (सर्व सेटिंग्जची फाइल) साठवणे, ही चूक तर स्वतःला जाणकार समजणारेच अधिक करतात. इम्युलेशनस्टेशनमध्ये पॅडची नोंद करताना रेट्रोपाय त्या पॅडच्या नावाने रेट्रोआर्कसाठीही फाइल तयार करते. हाताने केलेली नोंद तिच्यावर मात करते आणि उद्या दुसरा पॅड जोडला की त्याची बटणे विस्कटतात. फक्त एका गेमसाठी बदल हवा असेल, तर त्या गेमपुरती रीमॅप फाइल (बदललेल्या बटणांची नोंद) साठवावी. नावाचा हा मुद्दा एटबिटडो या कंपनीच्या पॅडच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावा: चालू करताना स्टार्टसोबत एक्स दाबला की बी, यावरून त्याचा मोड ठरतो, आणि मोड बदलला की तोच पॅड यंत्राला नवखा वाटतो.

कोडी या साऱ्या नोंदींकडे पाहत नाही. त्यासाठी जॉयस्टिकचे ॲड-ऑन (कोडीला जोडायचा पूरक भाग) बसवून सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यातील इनपुट या विभागात पॅडची स्वतंत्र नोंद करावी लागते. माझे मत विचाराल, तर चित्रपट टीव्हीच्याच रिमोटने पाहावेत. एचडीएमआय केबलमधून जाणारे सीईसी संकेत, म्हणजे रिमोटच्या बटणांचे संदेश, कोडीला समजतात, टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये ही सोय चालू असली की पुरे.

बिनतारी पॅड अडखळत असेल, तर आधी तो कुठे जोडला आहे ते पाहावे. यूएसबी ३ च्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मांडले होते. रास्पबेरी पाय ४ वरील निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला हार्ड डिस्क आणि शेजारीच पॅडचा डोंगल (बिनतारी संकेत घेणारा छोटा यूएसबी तुकडा), अशी जोडणी टाळावी. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर आणावा. ब्लूटूथ पॅड जोडताना त्याला ‘ट्रस्ट’ केले, म्हणजे विश्वासू म्हणून नोंदवले नाही, तर झोपी गेलेला पॅड जागा झाल्यावर आपणहून जोडला जात नाही. तारेच्या पॅडबाबत एक कबुली द्यायला हवी: मी दोन संध्याकाळी ड्रायव्हर शोधत बसलो होतो आणि माझी केबल निघाली फक्त चार्जिंगची, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच.

पडद्यावर विजेचे चिन्ह दिसत असेल, तर पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली घसरला आहे. पाय ४ ला फोनच्या चार्जरऐवजी ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा ॲडॅप्टर द्यावा. आणि खेळ संपल्यावर थेट विजेचे बटण बंद करू नये. गेमच्या आत केलेले सेव्ह रेट्रोआर्क सहसा गेममधून बाहेर पडतानाच पायमधील मेमरी कार्डवर लिहिते, त्यामुळे वीज तोडली की ते जाते, आणि कार्डावरील फाइलसिस्टिमही बिघडू शकते. आधी सिलेक्ट आणि स्टार्ट, मग मेनूमधून शटडाउन, आणि शेवटी स्विच.