मुलीचं नाव तारा ठेवायचंय? मग एवढं बघून घ्या

कोल्हापुरात तारा म्हटलं की अर्थबिर्थ कोण विचारत नाही, डायरेक्ट कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळाच डोळ्यापुढं येतो. 1700 ला राजाराम महाराज गेले, त्यानंतर लहान पोराला गादीवर बसवून औरंगजेब मरेपर्यंत म्हणजे 1707 पर्यंत ज्यांनी झुंज दिली त्या ताराराणी, हंबीरराव मोहित्यांची लेक, आणि आपली करवीरची गादीपण त्यांचीच. त्यामुळं इथं ह्या नावाला आपोआप वजन येतंय, वेगळं काय सांगायला लागत नाही.

अर्थ दोन. एक चांदणी, तो सगळ्यांना म्हाइत. दुसरा तारणारी, पार नेणारी, बौद्धांची तारादेवी ती ह्याच अर्थानं. मला विचाराल तर दुसराच भारी. रामायणात वालीची बायको तारा, पंचकन्यांत तिचं नाव घेतात. हरिश्चंद्राची ती तारामती, ते नाव वेगळं, बारशाला कोणतरी आजी हमखास घोळ घालतीय.

पत्रिका बघणाऱ्यांसाठी, ता हे अक्षर स्वातीच्या चौथ्या चरणाचं, रास तूळ. नाही जुळलं तर जुळणारं नाव आत्यानं पाळण्यापाशी कानात सांगायचं, कुर्रर्र करायचं, घुगऱ्या वाटायच्या आणि कागदावर बिनधास्त तारा लावायचं, लय घरांत असंच चालतंय.

बोलताना लिहिताना ताराला, ताराचं असंच करा, ताऱ्याला केलं की ते आभाळातलं झालं. घरात तारू, ताराक्का, लाडात आली की ताराराणी. रागात मात्र 'अगं तारे' होणार, आणि शाळेत 'अकलेचे तारे' म्हणून चिडवणारं एखादं कार्टं भेटणारच, त्याची तयारी ठेवा. ताराबाई म्हणून कोण हाक मारंल असं वाटत असेल तर मारू दे की, अख्खं ताराबाई पार्क आहे आपल्याकडं.

आता कागदाचं. जन्मदाखल्यावर नाव 12 महिन्यांच्या आत फुकटात लागतंय, पुढं लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत, पण तेवढं लांबवू नका, शाळेच्या अ‍ॅडमिशनला पळापळ होते. इंग्रजी स्पेलिंग टी ए आर ए, एवढंच. स्टाइल म्हणून मधी जादा ए घुसडला तर दाखला, आधार, पासपोर्ट सगळीकडं तोच चालवायला लागणार, नाहीतर अ‍ॅफिडेव्हिट करत बसा.